बस, मोती!

परळच्या आमच्या शाळेत दुपारी साडेबारा वाजता जो प्रसंग रोज घडतो, त्याला मी एकटीच जबाबदार आहे, हे आधीच कबूल करते. मी विशेष शिक्षिका आहे आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेला मोती नावाचा लॅब्रॅडॉर माझा वर्गातला सहकारी आहे. प्रशिक्षकांनी त्याला 'सिट' शिकवून पाठवले होते. परंतु शाळा मराठी माध्यमाची, तेव्हा आज्ञाही मराठीच हवी, असा बाणेदार आग्रह मी धरला आणि पंधरा दिवस खपून त्याच्याकडून 'बस' हा शब्द घोटून घेतला. शाळेची बस आल्यावर मावशी फाटकातून काय ओरडतील, हा विचार मायबोलीच्या अभिमानात राहूनच गेला.

मावशी 'बस आली, बस!' अशी आरोळी ठोकतात आणि मोती जिथे असेल तिथे, म्हणजे नेमका फाटकाच्या मधोमध, बैठक मारतो. मागे बारा मुलांची रांग, पुढे हॉर्नवरचा हात न काढणारा ड्रायव्हर आणि वर जुलैचा पाऊस. 'चल' म्हणावे, तर तो शेपटीने डबक्यातले पाणी माझ्या सलवारीवर उडवत बिस्किटाची वाट पाहतो, कारण बसले की बिस्किट, हा करारही माझाच. (ओल्या लॅब्रॅडॉरच्या वासाविषयी मी लिहिणार नाही, भर पावसाळ्यात विरार लोकलने येणारी मीसुद्धा त्यापुढे हरले आहे.)

'बस'ऐवजी 'गाडी आली' म्हणा, अशी विनंती मी मावशींना केली. "गाडी म्हणजे लोकल, बाई," त्या म्हणाल्या, "पोरं उगाच स्टेशनाकडं पळतील." मुंबईकराला यावर उत्तर नाही.

मग मोतीचाच शब्द बदलायचे ठरवले, पण तिथे माझ्या वर्गातला एक आठ वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा आडवा आला. बस दिसली की हा पूर्वी थेट रस्त्यावर धावायचा. चित्रांची कार्डे, गोष्टी, माझे गोड बोलणे, सारे दोन वर्षे वाया गेले होते. आता 'बस' ऐकताच तो मोतीशेजारी मांडी घालतो, त्याचा कान डब्याच्या झाकणासारखा दहा वेळा उघडतो, मिटतो आणि मगच उठतो. त्याच्या जगात एकदा ठरलेला शब्द बदलत नाही, त्यामुळे माझ्याही जगात तो आता बदलणार नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मला पाठ आहेत; मोतीला एकही ठाऊक नाही, तरी पालकांत मी 'मोतीच्या बाई' म्हणूनच ओळखली जाते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली आपल्या जिंगल्स या कुत्र्याच्या अनुभवावरून कुत्र्याला 'सहउपचारक' म्हटले होते. त्यांच्या काळी यातला 'सह' निदान कुत्र्याला तरी लागत असे.

परवा संध्याकाळी दादरच्या स्टॉपवर उभी असताना शेजारचे आजोबा म्हणाले, "अहो ताई, बस आली!" मी तत्परतेने पर्समध्ये हात घालून बिस्किट शोधू लागले आणि ते सापडेपर्यंत बस निघून गेली.