गणपतराव देशमुख : ‘सलग ११ वेळा, पराभव माहीतच नाही’ हे खरे नाही

३० जुलै, म्हणजे सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांची पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. ‘एकच पक्ष, एकच मतदारसंघ, सलग ११ विजय, ५५ वर्षे आमदार, पराभव माहीत नाही, मंत्रिपदाला शिवले नाहीत, देशातला विक्रम, सांगोल्याला पाणी एकट्याने आणले.’ यात पक्ष म्हणजे शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) बरोबर, सांगोला बरोबर, ११ हा आकडाही बरोबर. बाकीचे तपासून घेऊ.

‘सलग’ आणि ‘पराभव नाही’ : ते दोनदा हरले. पहिल्यांदा १९७२ मध्ये. दुसऱ्यांदा १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. विजयाची वर्षे अशी : १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. यातली १९७४ ची पोटनिवडणूक होती. सार्वत्रिक निवडणुकांच्या तक्त्यांत पोटनिवडणूक सापडत नाही, म्हणून नुसते ते तक्ते चाळणाऱ्याची बेरीज १० वर अडते आणि मग ‘११ आले कुठून’ असा उलटा वाद सुरू होतो. ११ च बरोबर.

‘५५ वर्षे’ : २०१९ मधून १९६२ वजा केले तर ५७ येतात, पण मधली रिकामी वर्षे कोण वजा करणार? १९६२ ते ७२ ही १०, १९७४ ते ९५ ही सुमारे २१, १९९९ ते २०१९ ही २०. बेरीज ५१ च्या आसपास. १९८० मध्ये विधानसभा बरखास्त होती ते काही महिने वगळले तर त्याहूनही थोडी कमी. ५१ वर्षे काय थोडी झाली? ती फुगवायची गरजच नाही.

‘मंत्रिपदाला शिवले नाहीत’ : साफ चूक. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते, आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही. त्यांची बरीचशी कारकीर्द विरोधी बाकावर गेली, त्यावरून कुणीतरी हे वाक्य रचले असावे.

‘देशातला विक्रम’ : नुसते विजय मोजायचे तर करुणानिधी १९५७ ते २०१६ दरम्यान १३ वेळा तमिळनाडू विधानसभेवर गेले, मात्र मतदारसंघ बदलत. एकाच मतदारसंघाची अट घातली तरी केरळ पुढेच आहे. के. एम. माणी पाला मतदारसंघातून १३ वेळा, ओमन चंडी पुदुपल्लीतून १२ वेळा, तेही १९७० पासून सलग. पण माणींच्या केरळ काँग्रेसची शकले झाली आणि काँग्रेस फुटली तेव्हा चंडी अँटनी गटात होते. गणपतरावांचा झेंडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. तेव्हा कौतुक करायचेच तर ‘एकच पक्ष’ यावर भर द्यावा.

‘पाणी एकट्याने’ : या वाक्याने इतरांवर अन्याय होतो. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव तिच्या बिनीच्या नेत्यांपैकी एक होते, पण मागणी १३ तालुक्यांची होती. कराड तालुक्यात टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलतात, पुढे ते टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत खानापूर, आटपाडीकडून सांगोल्याकडे येते. सांगोला पडला टेलला, म्हणजे योजनेच्या शेवटच्या टोकाला. वरचे पंप बंद पडले, वीजबिल थकले किंवा वरच्या बाजूने जास्त पाणी उचलले गेले, की आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटूनही पाणी खाली पोचत नाही. म्हणून ‘पाणी आणले’ एवढ्यावर विषय संपत नाही. दर आवर्तनाला तेच भांडण नव्याने भांडावे लागते.

एसटीने प्रवास करायचे, हे मात्र खरे. त्यात खोडण्यासारखे काही नाही.

याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘घरातल्या कुणाला राजकारणात आणले नाही’ अशी पुस्ती जोडलेली असते. २०१९ मध्ये ते स्वतः थांबले आणि शेकापची उमेदवारी त्यांच्या नातवाला मिळाली. तो हरला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. २०२४ मध्ये दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापच्याच तिकिटावर सांगोल्यातून निवडून आले.