डॉक्टरसाहेब, मेडिकलवाल्याचा फोन घ्या

मिरजेत एकेका गल्लीत दवाखान्याला लागून मेडिकल, पण डॉक्टर आणि मेडिकलवाला यांच्यातलं बोलणं म्हणजे फक्त ती चिठ्ठी, आणि ती पण पेशंटच्याच खिशातनं येणार. झोपेच्या गोळीची सवय लागलेल्या माणसाला एवढी फट पुरते.

मी फार्मासिस्ट आहे, रोज काउंटरला असते म्हणून बोलतेय. अल्प्राझोलमची, म्हणजे अशाच एका झोपेच्या गोळीची, चिठ्ठी येते, घडीवर फाटायला आलेली, तारखेवर पेन फिरवलेला, आणि कुठल्याच दुकानाचा शिक्का नाही. विचारलं की "सगळीकडं देत्यात, तुमचंच काय वेगळं?" अहो, १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये नियम ६५ आहे, डॉक्टरनं परत द्या असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं आणि चिठ्ठीवर दुकानाचं नाव-तारीख टाकायची. शिक्का असला की पुढचा मेडिकलवाला लगेच ओळखतो. पण तो मारतंय कोण! शेड्यूल एच-वनचं, म्हणजे अशा जपून द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, रजिस्टर २०१४ पासून आहे, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, गोळ्या किती, सगळं लिहून ३ वर्षं ठेवायचं, पण ते डॉक्टरला कधी दिसतच नाही.

शंका आली म्हणून फोन करावा तर रिसेप्शनवरनं "साहेब ओपीडीत आहेत". साहेब आलेच फोनवर तर "मी लिहिलंय ना, द्या की." साहेब, तुमची चूक नाही काढत आम्ही, तुम्ही खरंच १०० गोळ्या लिहिल्यात का १० पुढं कुणी शून्य वाढवलंय एवढंच विचारायचं असतं. आणि डॉक्टर नाराज झाले तर चिठ्ठ्या दुसऱ्या दुकानात जातील म्हणून फोनच न करणारे मेडिकलवालेही खूप आहेत, ते पण तितकेच जबाबदार.

नुसतं "नाही मिळणार, जावा" म्हणूनही भागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरेच महिने रोज घेणाऱ्याची गोळी एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरनंच हळूहळू उतरवायचा असतो. म्हणजे काउंटरवरनं परत पाठवलेला माणूस डॉक्टरपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर तो दुसरं दुकान शोधणारच. आमच्याकडं एक डॉक्टर स्वतः फोन करतात, "ताई, ह्यांचा डोस कमी करतोय, आठवड्याच्याच गोळ्या द्या, लवकर आले तर मला कळवा." मिनिटभराचं काम, पेशंटवर कुणी ओरडत नाही, आणि आम्हाला नक्की काय करायचं ते कळतं.

बाकीच्यांनी निदान चिठ्ठीवर गोळ्यांचा आकडा अक्षरात लिहा आणि रिसेप्शनचा नको, तुम्ही स्वतः उचलाल असा नंबर द्या. घरात कुणाला सवय लागली असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट आहे.