मेरांटी लाकूड पारखण्याची निर्दोष पद्धत

मेरांटी, म्हणजे आग्नेय आशियातले एक इमारती लाकूड, पारखायची असेल, तर फळीचे टोक मुळीच पाहू नये. टोक धारदार पात्याने तासून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरले, की पांढऱ्या राळेने भरलेल्या बारीक वाहिन्यांच्या कमानदार ओळी दिसतात, आणि महोगनीत तशा ओळी नसल्यामुळे प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. मग जाणकारांनी वाद कशावर घालावा? त्यापेक्षा रंगावर श्रद्धा ठेवावी. तांबूस दिसते ते महोगनी, या न्यायानेच लवान हे मेरांटीच्याच गोतातले लाकूड ‘फिलिपाइन महोगनी’ म्हणून विकले गेले. वनस्पतिशास्त्र त्याला सालवृक्षाच्या कुळात बसवते आणि खऱ्या महोगनीला कडुनिंबाच्या. पण वनस्पतिशास्त्राला कुठे लाकूड विकायचे असते?

फळी तोलण्याच्या फंदातही पडू नये. हलक्या तांबड्या मेरांटीची घनता घनमीटरला साधारण 400 ते 640 किलो असते, गडद तांबडी त्याहून जड आणि थोडी अधिक टिकाऊ असते, हे कळले तर दोन्हींना एकच भाव देताना मन खाते.

आता वापराविषयी. हे लाकूड सहज रंधले जाते, घरातील फर्निचर, पट्ट्या, प्लायवूड यांत वर्षानुवर्षे निमूटपणे काम देते. म्हणून तिथे ते लावून त्याची शक्ती वाया घालवू नये. हलक्या तांबड्या मेरांटीचा खांब करून तो थेट ओल्या जमिनीत पुरावा. तिच्या गाभ्यात संरक्षक द्रावण मोठ्या मुश्किलीने शिरते, तेव्हा ते मुरवण्याचा खटाटोप न करता वरून चकचकीत रंग द्यावा, म्हणजे आतली कूज पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही. कडेचे फिकट लाकूडही तासून टाकू नये, कारण भुंगेऱ्यांच्या अळ्यांनाही पोट आहे. पांढऱ्या मेरांटीतील सिलिकामुळे करवत भराभर बोथट होते. अशा वेळी दोष सुताराला द्यावा, तो समोरच असतो.

तुळईसाठी मात्र मोठ्या खोडाचा अगदी मधला भाग आग्रहाने मागून घ्यावा. तिथे बहुधा ठिसूळ गाभा सापडतो, आणि त्याची तुळई कुरकुरत, तंतू सोडत, आधी इशारे देत बसत नाही. ती एकदम आडवी तुटते.