बॉनेटच्या पलीकडेही माणसे असतात

काल संध्याकाळी कर्वे रस्त्यावर सिग्नल पाहून, झेब्रा पट्ट्यांवरून रीतसर निघालेलो असताना उजवीकडे वळणारी एक अजस्र एसयूव्ही माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर कचकन थांबली, आणि काच खाली करून आतला तरुण अत्यंत सौजन्याने म्हणाला, “सॉरी काका, तुम्ही दिसलाच नाहीत.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते; हा खरे बोलत होता, म्हणून डोके जास्त फिरले. त्या गाडीचे बॉनेट माझ्या छातीपर्यंत येत होते, आणि पुढची काच व दरवाजा यांमधला तो जाडजूड ए-पिलर नेमका आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. गाडी वळत असते, माणूस चालत असतो, आणि दोघांची गती जुळली की हा खांब त्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवतो. लग्नाच्या एकाही फोटोत लपवता न आलेले माझे पोट एका खांबाने लपवले, याचे घरी कौतुकच झाले.

गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून खांब जाड, आणि हवा कापावी म्हणून काच तिरकी. हे सगळे मान्य. पण ही काळजी आत बसलेल्यांची. २०२३ पासून भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी चाचणीचे, तारे मिळू लागल्यावर शोरूमवाले पाच बोटे नाचवतात; आसनावर बसून समोरचे पाच वर्षांचे पोर दिसते का, हे एकालाही सांगावेसे वाटत नाही. मागचे पार्किंग सेन्सर २०१९ च्या जुलैपासून सक्तीचे झाले, म्हणजे भिंतीला धक्का लागू नये याची सोय झाली.

त्यात भर आमच्या हौशी मालकांची. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, बुलबार, म्हणजे गाडीच्या तोंडावर बसवलेले लोखंडी कठडे, २०१७ पासून बेकायदा आहेत, आणि आमच्या गल्लीत दोन्ही सुखाने नांदतात. शिवाय आरशाला लोंबणारी माळ, डॅशबोर्डवर देव्हारा, आणि रात्री समोरच्याला आंधळे करणारे ते पांढरे एलईडी. त्या दिव्यांवर बोलायला लागलो की बायको रक्तदाबाची गोळी आणून ठेवते.

म्हणे आता गाडीभोवतीचे सगळे दाखवणारा कॅमेरा मिळतो. मिळतो ना, पण सर्वांत महागड्या मॉडेलमध्ये.