कीस झकास, गराडू मात्र फसला

इंदूरच्या सराफ्यातले, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारातले पदार्थ आता बडी हॉटेलं सजवून वाढतात, हे लेखातलं कौतुक वाचलं. अर्धंच पटलं. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही इथे इंदूरलाच अशा एका पंचतारांकित ठिकाणी जेवलो.

भुट्ट्याचा कीस खरंच सुरेख होता. मका दुधात छान मुरलेला, हिंगाची फोडणी बेताची, कडेला तूप सुटलेलं. सासूबाई सहसा कुणाच्या हातचं वाखाणत नाहीत, त्यांनीही पुन्हा मागवला! गराडूने, म्हणजे तळलेल्या कंदाने, मात्र निराशा केली. एकदा तळून ठेवलेले तुकडे आयत्या वेळी कडकडीत तेलात परत तळले, तरच बाहेरून कुरकुरीत अन् आत मऊ लागतात. इथे नुसते गरम करून आणलेले. वर भुरभुरवायचा जिरावन मसाला एवढ्याशा वाटीत बाजूला, आणि लिंबू मागितल्यावर आलं. वाढणारा मुलगा अदबशीर होता, त्याची काही चूक नाही.

बिलात सर्व्हिस चार्ज होताच. ४ जुलै २०२२च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपणहून लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. एवढं म्हटल्यावर मॅनेजरने निमूट काढला. जीएसटीवरून मात्र वाद घालू नका. खोलीभाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्केच लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५.

बाकी, लेखकाने खोपरा पॅटिसची (खोबऱ्याचं सारण भरलेल्या बटाट्याच्या पॅटिसची) एवढी तारीफ केलीय, तर ते नेमकं कुठे खाल्लं तेही सांगावं.