तार तुटली की माग थांबला पाहिजे

आमची टोयोटा इनोव्हा 2009 ची. मीटरवर 3 लाख 87 हजार किलोमीटर. गेल्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून आणली, हरित कर भरला, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: "अजून किती दिवस वापरणार?" परवा चुलतभावानं तर गिऱ्हाईकच दारात आणून उभं केलं. त्या माणसानं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेट उघडून इंजिन ऐकलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्या जुन्या गाडीला एवढे पैसे? मी नाही म्हटलं. का म्हटलं, हे त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी इचलकरंजीचा. आमचे सोळा साधे यंत्रमाग होते. ज्यांनी साधा माग चालताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: धोटा, म्हणजे आडवं सूत वाहून नेणारा तुकडा, इकडून तिकडे धावत असतो, त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून हातानं धोटा बदलायचा. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तुटलं तर माग आपोआप थांबतो. पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली, तर साधा माग थांबत नाही. तो खडखडत चालत राहतो आणि कापडात एक उभी रेघ पडत जाते. विणणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत वार, दोन वार कापड खराब झालेलं असतं. एका माणसाकडे चार-चार, सहा-सहा माग, कुठं कुठं बघणार? तागा, म्हणजे कापडाचं ठाण, तपासताना ट्रेडर ते डाग शोधतो आणि खर्चीवाल्याच्या, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याच्या, मजुरीतून कापून घेतो. मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत मागावर उभा राहायचो. मागांची देखरेख करणारे आमचे जॉबरमामा लांबून ओरडायचे, "तार तुटल्याली दिसत न्हाई व्हय रं? आदी माग थांबीव, मग बघ काय झालंय ते!"

टोयोटाची सगळी गोष्ट मला या एका वाक्यात दिसते. आणि हा माझ्या मनाचा खेळ नाही. टोयोटा खरोखर मागातून जन्मली.

साकिची टोयोडा यांचा जन्म 1867 चा, जपानमधल्या एका खेड्यात, सुताराच्या घरी. आई हातमागावर विणायची. तिचे कष्ट बघून हा मुलगा मागाच्या मागे लागला, असं तिकडे सांगतात. 1891 मध्ये त्यांना सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं. मग यंत्रमाग आला, आणि पुढची सगळी वर्षं त्यांचा एकच ध्यास राहिला: तार तुटली की मागाला स्वतःला कळलं पाहिजे. 1924 मध्ये त्यांचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. पूर्ण वेगात चालत असताना तो धोटा स्वतः बदलायचा, आणि ताणा किंवा बाणा, काहीही तुटलं तरी तिथल्या तिथे थांबायचा. त्यामुळे एक माणूस तीस-तीस माग सांभाळू लागला. 1929 मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क 1 लाख पौंडांच्या कराराने घेतले. हे तेच प्लॅट, ज्यांची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत होती. म्हणजे ज्यांच्याकडून अर्ध्या जगानं यंत्रं घेतली, ते एका जपानी सुताराच्या मुलाकडे आले. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्याला संस्थानाधिपती घोरपडे सरकारांचा पाठिंबा होता, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. दोन्हीकडची सुरुवात तशी एकाच काळातली. त्यांचा माग थांबायला शिकला. आमचा 2020 नंतरही तार तुटली तरी चालतच होता, याची मला फार रुखरुख वाटते.

साकिचींचा मुलगा किइचिरो. तो इंजिनिअर झाला आणि त्यानं मागाच्या कारखान्यातच 1933 मध्ये मोटारीचा विभाग काढला. 1936 मध्ये 'एए' ही पहिली प्रवासी गाडी विकायला आली, आणि 1937 मध्ये मोटार कंपनी वेगळी झाली. आडनाव टोयोडा, म्हणजे सुपीक भातशेत. गाडीचं नाव मात्र टोयोटा, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा आकडा तिकडे शुभ.

आता जे लिहितोय ते टोयोटाचे चाहते सहसा सांगत नाहीत, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्या भरवशाच्या नव्हत्या. 1935 चा 'जी 1' ट्रक रस्त्यात सारखा बंद पडायचा. कंपनीची माणसं जाऊन दुरुस्त करून द्यायची, काय तुटलं ते बघून यायची आणि पुढच्या ट्रकमध्ये तो भाग बदलायची. 1957 मध्ये क्राउन गाडी अमेरिकेत नेली. तिथल्या हमरस्त्यांवरच्या वेगाला तिचं इंजिन पुरेना, गाडी थरथरायला लागायची. शेवटी 1960 मध्ये तिथली प्रवासी गाड्यांची विक्री थांबवून ते परत कामाला बसले. 1966 ला कोरोला आली, आणि पुढे 2021 पर्यंत तिच्या 5 कोटींच्या वर गाड्या विकल्या गेल्या. भरवसा कोणाच्या रक्तात नसतो. तो चुका उघड करून, एकेक दुरुस्त करून जमवावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात.

मधे 1950 साल येतं. कंपनी बुडायच्या बेताला आली होती, दीडेक हजार माणसं कमी करावी लागली, संप झाला, आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांना कंपनीचे चांगले दिवस बघायला मिळाले नाहीत.

त्यानंतर ज्या माणसानं टोयोटाचा कारखाना बदलला ते ताइची ओनो. हेसुद्धा मोटारीत आले ते टोयोडांच्या कापडगिरणीतून, 1943 मध्ये. एक माणूस अनेक यंत्रं सांभाळू शकतो हे त्यांनी गिरणीत पाहिलेलं होतं. त्यांनी मोटारीच्या कारखान्यात तोच नियम आणला: चूक दिसली की कुठल्याही कामगारानं दोरी ओढायची, वर दिवा लागणार, आणि वेळेत निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबणार. साहेबाची परवानगी लागत नाही. याला ते 'जिदोका' म्हणतात, म्हणजे स्वयंचलितपणा, पण लिहिताना त्या अक्षरात 'माणूस' हे चिन्ह जोडलेलं असतं. माणसाची जाण असलेलं यंत्र. मी ज्या कारखान्यात नोकरी करतो तिथं लाइन थांबवणाऱ्याला शिव्या बसतात. शिफ्टचा आकडा पूर्ण झाला पाहिजे, माल कसाही असो. त्यामुळे त्या दोरीची किंमत मला रोज कळते.

आता आपल्याकडचं. टोयोटा आणि किर्लोस्कर हे नाव एकत्र आलं तेसुद्धा आधी मोटारीसाठी नाही, 1995 मध्ये कापडधंद्याच्या यंत्रांसाठी. मोटारीची भागीदारी 1997 ची, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. या भागीदारीतले विक्रम किर्लोस्कर हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतले. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केला. ती वाडी आमच्यापासून तासा-दीड तासावर. आमच्या आण्णांचा या नावावर इतका विश्वास की टोयोटा काय चीज आहे हे कळायच्या आधी त्यांनी "किर्लोस्करांची आहे ना, मग बघू" म्हटलं होतं. विक्रमराव 29 नोव्हेंबर 2022 ला गेले. चारच दिवस आधी ते नवी इनोव्हा हायक्रॉस लोकांसमोर आणताना टीव्हीवर दिसले होते. बातमी आली त्या दिवशी आण्णा बराच वेळ गप्प होते.

जानेवारी 2000 मध्ये क्वालिस आली. इंडोनेशियातल्या किजांग गाडीचीच ती बहीण. दिसायला खोक्यासारखी, यंत्रणा जुन्या धाटणीची, आणि मोटारींवर लिहिणाऱ्यांनी तिला नावं ठेवली. पण सात-आठ माणसं, टपावर सामान, खराब रस्ता, आणि वर्षानुवर्षं कुरकुर नाही, हे ज्यांना हवं होतं त्यांना ती लगेच कळली. लग्नाच्या वरातीपासून पंढरपूरपर्यंत सगळीकडे क्वालिस. 2005 मध्ये ती चांगली खपत असतानाच कंपनीनं बंद केली आणि इनोव्हा आणली. चालती गाडी कोण बंद करतं? आमच्या गल्लीत तेव्हा यावर खूप चर्चा झाली होती. इनोव्हात बसून बघितल्यावर ती चर्चा थांबली.

आमची इनोव्हा अडीच लिटर डिझेलची. चासिसवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद. या 3 लाख 87 हजारांत इंजिन उघडलेलं नाही. क्लच दोनदा, टायमिंग बेल्ट वेळेवर, पुढचे सस्पेन्शनचे बुश तीनदा, इंजेक्टर एकदा, एसीचा कंप्रेसर एकदा. रस्त्यात बंद पडली ती एकदाच, आंबा घाटाच्या पायथ्याला, आणि ती बॅटरी होती. त्याआधी आमच्याकडे एक वेगळी गाडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. तिनं आईला दवाखान्यात नेताना भर पावसात रस्त्यावर सोडलं होतं. ते तास मी विसरलेलो नाही. गाडीच्या बाबतीत 'भरवसा' हा शब्द मी त्या रात्रीपासून वापरतो.

लोक म्हणतात टोयोटावाले पैसे जास्त घेतात आणि आत देत काहीच नाहीत. यात तथ्य आहे. त्याच किमतीत दुसरीकडे मोठा पडदा, उघडं छप्पर, थंड हवेच्या सीटा मिळतात. इनोव्हाची पुढची आवृत्ती क्रिस्टा आली तेव्हाची किंमत आणि आताची किंमत बघितली तर साध्या घरानं इनोव्हाचं स्वप्न बघणं अवघड झालंय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर आपलं चिन्ह लावून विकण्याचा जो प्रकार 2019 पासून ग्लान्झापासून सुरू झाला, तोही मला पटलेला नाही. गाडी वाईट आहे असं म्हणत नाही, उलट चांगली आहे. पण ती तार तोडून-जोडून शिकलेल्या कारखान्याची गाडी नाही, आणि चिन्ह बघून घेणाऱ्याला तेच हवं असतं.

आणि टोयोटानंही माग थांबवायला उशीर केलेला आहे. 2009-10 मध्ये पायाखालच्या मॅट आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसले, माफी मागितली आणि आम्ही वाढलो ते बहुधा फार वेगानं, अशी कबुली दिली. ग्राहकांपासून माहिती लपवल्याबद्दल 2014 मध्ये 1.2 अब्ज डॉलर भरावे लागले. जानेवारी 2024 मध्ये तर ज्या मूळ मागाच्या कंपनीतून हे सगळं निघालं, तिथंच डिझेल इंजिनांच्या चाचण्यांत गैरप्रकार सापडले आणि आपल्याकडची क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स काही दिवस कारखान्याबाहेर पाठवणं थांबवलं होतं. ती बातमी वाचून मला खरोखर राग आला होता. मागवाल्यानं डाग लपवून तागा पाठवला तर ट्रेडर त्याला परत दारात उभं करत नाही. टोयोटाला आपण तीच फूटपट्टी लावली पाहिजे, कारण ती त्यांनीच जगाला दिली आहे.

2024 च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारबरोबर छत्रपती संभाजीनगरजवळ कारखान्याचा करार झाला, सुमारे 20 हजार कोटींचा. आपली पोरं तिथं कामाला लागतील. माझी इच्छा एवढीच की पगाराबरोबर ती दोरीही त्यांच्या हाताशी यावी, आणि ओढल्यावर कोणी त्यांच्यावर डोळे वटारू नयेत.

आमचे सोळाही माग 2021 मध्ये भंगारात गेले, किलोवर. आण्णा त्या दिवशी शेडकडे फिरकले नाहीत. त्याच गल्लीत आता दुसऱ्यांच्या शेडमध्ये हवेच्या झोतानं सूत नेणारे एअरजेट माग चालतात, त्यातल्या काहींवर टोयोटाचंच नाव आहे. आण्णा कधी कधी दारातून बघून येतात. आल्यावर म्हणतात, "काय सुरेख थांबतो रे!" चालण्याचं कौतुक ते कधीच करत नाहीत.

गिऱ्हाईक येऊन गेल्यानंतरच्या रविवारी आण्णांना घेऊन मिरजेला निघालो होतो. ते नेहमीप्रमाणे मधल्या सीटवर, डोळे मिटून. आयुष्यभर मागांच्या आवाजात राहिलेला माणूस, आता कान कमी झालेत असं आम्ही समजतो. हातकणंगले ओलांडल्यावर म्हणाले, "डाव्या अंगाला पुढं काहीतरी घरघरतंय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हटलं मिरजेत गेल्यावर बघू. तर आवाज चढवून म्हणाले, "आदी थांबीव."

थांबवली. पुढच्या चौकात ओळखीचे मेस्त्री आहेत. त्यांनी जॅक लावून चाक हातानं फिरवलं, कान जवळ नेला, पुन्हा फिरवलं. बेअरिंग धरलं नव्हतं, पण सुरुवात झाली होती. दीड तासात नवं बसलं, आणि आम्ही जेवायच्या वेळेला मिरजेत पोहोचलो.