वटवाघळांची झाडं तोडा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या आणि बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वटवाघळं आंधळी असतात, रक्त पितात, तोंडानेच विष्ठा करतात. प्रत्येक वटवाघळात निपाह आणि कोरोना असतो. उन्हाळ्यात ती झाडाखाली मरून पडली की साथ आलीच समजा. डाळिंब-द्राक्षाच्या बागा तीच फस्त करतात. त्यांची मोजणी करत फिरणारे स्वयंसेवक रोग घरोघरी पोचवतात. म्हणून ती लटकतात ती झाडं तोडा, निदान फटाके लावून त्यांना पिटाळा.

मोजणी करणाऱ्यांपैकी मी एक आहे. या संदेशातली काही वाक्यं सरळ खोटी आहेत, काहींत थोडं सत्य आहे, आणि हे थोडं सत्यच जास्त घातक ठरतंय, कारण त्याच्या आधाराने बाकीचं सगळं खपतं. आम्ही कुठल्या झाडापाशी मोजणी करतो ते मात्र इथे लिहिणार नाही. पत्ता जाहीर झाला की तिथे आधी फटाके पोचतात.

रक्ताचं आधी उरकते. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात फक्त तीन जाती आहेत आणि तिन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. भारतात त्यातली एकही नाही. आपल्याकडचं मोठ्या कानांचं एक वटवाघूळ मांसाहारी आहे, पण ते किडे, बेडूक, पाली, उंदीर धरून खातं. आंधळेपणाचंही तेच. चिंचेवर, वडावर दिवसभर लटकणारी मोठी फळवटवाघळं डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात, अंधुक उजेडात त्यांना छान दिसतं. घराभोवती संध्याकाळी भिरभिरणाऱ्या बारक्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून उडता किडा हेरतात. डोक्यावरून गेलेली पाकोळी केसांत शिरायला आलेली नसते. आपल्याभोवती जमलेल्या डासा-चिलटांमागे ती येते.

तोंडाने विष्ठा ही समजूत मला लहानपणी घरातूनच मिळाली, आणि शिकलेली माणसंही ती ठामपणे सांगतात. सकाळच्या उजेडात दुर्बीण घेऊन लांबून वसाहत पाहिली की खरा प्रकार दिसतो. वटवाघूळ पंखाच्या अंगठ्याच्या नखीने फांदी पकडतं, पाय सोडतं, डोकं वर आणि शेपटाकडची बाजू खाली असं होतं, विधी उरकतं आणि पुन्हा उलटं लटकतं. काही सेकंदांचं काम आहे, त्यामुळे सहज नजरेतून सुटतं. मग झाडाखाली पडलेला तो चोथा कसला? फळवटवाघूळ फळ चावून टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चिपाड थुंकून टाकतं. लोकांना ते चिपाड तोंडातून पडताना दिसतं आणि समजूत पक्की होते. कॉलेजच्या मुलांना एकदा हे प्रत्यक्ष दाखवलं की नंतर ती घरी जाऊन आजीशी वाद घालतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता विषाणू. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. निपाहचा नैसर्गिक आसरा फळवटवाघळांत आहे, हे पक्कं ठाऊक झालेलं आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो प्रथम आढळला, तिथे तो डुकरांमार्फत माणसांत आला. भारतात २००१ मध्ये सिलिगुडीत, २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात आणि २०१८ मध्ये कोळिकोडला त्याने माणसं मारली, आणि केरळात तो त्यानंतरही पुन्हा पुन्हा डोकं वर काढतोय. महाराष्ट्राचं म्हणाल तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाहच्या खुणा, मुख्यतः प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) रूपात, सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. संदेशाखाली त्याच बातमीचं कात्रण चिकटवलेलं आहे.

पण त्या कात्रणातून संदेशातलं वाक्य निघत नाही. प्रतिपिंडं सापडली याचा अर्थ त्या प्राण्याच्या शरीराचा कधीतरी त्या विषाणूशी सामना झाला होता. तो आज विषाणू बाहेर टाकतोय, असा अर्थ होत नाही. ‘काही नमुन्यांत’ या शब्दांचे ‘प्रत्येक वटवाघळात’ कधी झाले, ते पुढे पाठवणाऱ्याने पाहिलंच नाही. कोरोनाचंही तसंच आहे. २०२० मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांना दोन जातींच्या भारतीय फळवटवाघळांत कोरोना कुळातले विषाणू सापडले, पण कोविड घडवणारा विषाणू तो नव्हता.

धोका कुठे आहे हे बांगलादेशाच्या अनुभवावरून स्पष्ट झालंय. तिथे खजुरीच्या झाडाला रात्री लावलेल्या मडक्यातला कच्चा रस वटवाघळं चाटतात, त्यात लाळ-मूत्र पडतं आणि सकाळी माणूस तोच रस पितो. सोलापूरकरांनी यातून घ्यायचं ते एवढं: शिंदीची नीरा काढणाऱ्याने मडकं आणि खाचेची जागा झाकावी, पिणाऱ्याने तसं विचारून घ्यावं. झाडाखाली पडलेलं, चावलेलं फळ खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. फळ धुऊन खावं. ही काळजी घेण्यासाठी झाड तोडायची गरज नाही.

पिटाळण्याने तर धोका वाढतो. ऑस्ट्रेलियात निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा विषाणू फळवटवाघळांतून घोड्यांत येतो. तिथल्या २५ वर्षांच्या नोंदी जुळवून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगल तुटलं आणि फुलांचा हंगाम बुडाला की भुकेली वटवाघळं शेताशिवारात, घोड्यांच्या कुरणांपाशी ठाण मांडतात आणि विषाणू पसरण्याच्या घटना वाढतात. ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलात भरपूर फुलोरा आला, त्या वेळी वटवाघळं तिकडे परतली आणि घटना थांबल्या. एका झाडावरची शेकडो वटवाघळं फटाक्यांनी उधळली तर ती गावाबाहेर निघून जात नाहीत. ती दमलेली, घाबरलेली अशी दहा नव्या झाडांवर, म्हणजे दहा नव्या अंगणांत विखुरतात. शिवाय फेब्रुवारी ते मे हा त्यांचा पिलांचा काळ. मादीला वर्षाला एकच पिलू होतं आणि सुरुवातीला ती ते पोटाशी घेऊन उडते. फटाक्याच्या दणक्याने निसटून खाली पडलेलं पिलू उचलायला धावतात ती शेजारची लहान मुलं, तीही उघड्या हातांनी. ज्या संपर्काची भीती संदेश घालतो, तोच संपर्क त्याचा सल्ला घडवून आणतो.

मरून पडण्याबद्दल. सोलापूरचा पारा मे महिन्यात ४३-४४ अंशांवर जाणं आपल्याला नवं नाही. मोठी फळवटवाघळं उघड्या फांद्यांवर, सावली असेल-नसेल तशी, दिवसभर लटकतात. उकाडा वाढला की ती पंखाने वारा घेतात, धापा टाकतात, अंगाला थुंकी चोळतात. ४२ अंशांच्या पुढे हे उपाय अपुरे पडू लागतात आणि आधी पिलं, मग मोठी, टपटप पडतात. मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ बरीच वटवाघळं अशी मेली तेव्हा कोरोनाच्या भीतीने सगळं गाव हादरलं होतं. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तपासणी केली. कोरोना नव्हता, कडक उन्हाने मेंदूत रक्तस्राव झाला होता. म्हणजे ही साथीची नव्हे, उष्म्याची नोंद आहे, आणि ज्या शहरात माणसंही उष्माघाताने आडवी होतात तिथे ती फार मोलाची नोंद आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तलावाकाठी उभं राहून पाहा. वटवाघळं पाण्यावर झेपावून पोट भिजवतात आणि परत जाऊन ती भिजली लव चाटून पाणी पितात. भोवतालची झाडं तोडून, काठ सिमेंटने बांधून आपण हीच सोय हिरावतो.

बागायतदारांचं दुःख खरं आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या फळामागे कर्ज, टँकर आणि रात्रीची जागरणं असतात. फळवटवाघळं द्राक्षं, पेरू, चिकू खातात, हे मी नाकारणार नाही. पण प्रत्येक सडक्या डाळिंबाचा आळ त्यांच्यावर घालण्याआधी फळ हातात घेऊन पाहावं. टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि भोवती सड असेल तर रात्री येणाऱ्या रस शोषक पतंगाचं काम. आत अळी आणि विष्ठा असेल तर फळ पोखरणारी अळी. काळे तेलकट डाग आणि चिरा असतील तर तेल्या, तो तर जिवाणूचा रोग. वटवाघळाने खाल्लेल्या फळावर दातांच्या खुणा असतात, किंवा फळ उचलून नेलेलं असतं आणि जवळच्या झाडाखाली चोथा सापडतो. नुकसान त्यांचंच निघालं तर बारीक छिद्रांची जाळी घट्ट ताणून लावावी. सैल, बारीक धाग्याच्या नायलॉन जाळीत घुबडंही अडकून मरतात, आणि ती तर उंदीर मारून शेतकऱ्याचंच काम करतात. किडे खाणाऱ्या पाकोळ्या तर पतंग-भुंगेच टिपतात. बांधावर आणि ओढ्याकाठी कुणी न लावता उगवलेले वड, उंबर, कडुलिंब दिसतात ना, त्यातल्या अनेकांचं बी पक्ष्यांइतकंच फळवटवाघळांनीही आणलेलं असतं.

इथे आपल्याच बाजूच्या एका संदेशालाही थांबवायला हवं. ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं’ असं वटवाघूळप्रेमी उत्साहाने पाठवतात. तो आकडा परदेशी जातीवर बंद खोलीत केलेल्या जुन्या प्रयोगावरून ताणलेला आहे. उघड्या आभाळातली पाकोळी जे मिळेल ते खाते. खोट्याला अतिशयोक्तीने उत्तर दिलं की आपलं खरंही संशयात येतं.

राहिला स्वयंसेवकांचा मुद्दा. आम्ही वटवाघळाला हात लावत नाही, झाडाखाली उभे राहत नाही, जुन्या वास्तूतल्या अंधाऱ्या खोलीत शिरत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास लांब, मोकळ्या जागी उभं राहायचं, उजळ आभाळाकडे तोंड करायचं. एकाने निघणारी वटवाघळं मोजायची, दुसऱ्याने दहा-दहा मिनिटांचे आकडे लिहायचे. जागा तीच, वेळ तीच, फ्लॅश आणि झोताचा टॉर्च बंद. पाकोळ्यांसाठी त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा उतरवणारं छोटं यंत्र वापरतात, तेही लांबूनच चालतं. छायाचित्र आणि नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना नेमकं ठिकाण झाकता येतं, ते झाकावं. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या तरच वसाहत घटतेय की नुसती जागा बदलतेय हे कळतं. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासामागेही अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या.

घरात पाकोळी शिरली तर पंखा आणि दिवे बंद करून खिडक्या उघडाव्यात, ती आपण होऊन जाते. पोटमाळ्यावरची वाळकी लेंडी कोरडी झाडू नये, तोंडाला मास्क बांधून आधी पाणी शिंपडावं. चुकून चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.

आणि कुऱ्हाड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवटवाघळं कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, संदेश तोच जुना आधार देतो. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली, १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागूही झाली आणि मोठं फळवटवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, सोसायटीच्या ठरावाने ती मिळत नाही. तुमच्या गल्लीत कुणी फटाक्यांची तयारी करत असेल, किंवा उन्हाने वटवाघळं पडताना दिसली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणसं येईपर्यंत मुलांना झाडापासून लांब ठेवा.